एडी रॉबिन्सन: एक नोकरी, एक गाव आणि ग्रॅम्बलिंगचा फुटबॉल

पश्चिमवारा (मूळ लेख)

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, पण त्यातल्या एका महाविद्यालयीन प्रशिक्षकाची कारकीर्द मराठी वाचकांसमोर सविस्तर यावी असे मला बरेच दिवस वाटत होते, म्हणून हा धागा काढत आहे. लुईझियाना राज्याच्या उत्तर भागात ग्रॅम्बलिंग नावाचे छोटे गाव आहे आणि तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले एक महाविद्यालय आहे. तिथे एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत फुटबॉलचा संघ घडवला. ४०८ विजय, १६५ पराभव आणि १५ बरोबरी हा त्यांचा हिशेब कोणत्याही क्रीडाकोशात सापडतो. माझ्या मते त्या हिशेबापेक्षा मोठी गोष्ट त्याच्या मागे आहे. वंशभेदाच्या ज्या भिंतींमुळे दक्षिणेतले उत्तमोत्तम कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्याकडे येत असत, त्याच भिंती पाडायला त्यांनी आपली मुले तयार केली, आणि भिंती पडल्यावर त्याची झळ सर्वांत आधी त्यांच्याच संघाला बसली.

ज्यांना हा खेळ अगदीच परका आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. अकरा खेळाडूंच्या संघाला चेंडू घेऊन पळत किंवा तो फेकून पुढे सरकायचे असते आणि चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारली तरच चेंडू त्यांच्याकडे राहतो. प्रत्येक प्रयत्नात चेंडू सहसा आधी क्वार्टरबॅक या खेळाडूच्या हाती येतो. समोरची मांडणी वाचून क्षणार्धात निर्णय घ्यायचा, हे त्याचे काम. या जागेला बुद्धी लागते असे मानले जाई, आणि नेमक्या त्याच कारणाने व्यावसायिक संघ कृष्णवर्णीय खेळाडूला तिथे उभे करायला अनेक दशके तयार नव्हते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

रॉबिन्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१९ रोजी लुईझियानातल्या जॅक्सन या गावी झाला. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस करत आणि आई लोकांच्या घरी काम करी. कुटुंब पुढे बॅटन रूजला आले. एडी तिसरीत असताना मॅकिन्ली हायस्कूलचे प्रशिक्षक ज्युलियस क्राफ्ट आपला संघ घेऊन त्यांच्या शाळेत आले होते. ती उंचीपुरी मुले आपल्या प्रशिक्षकाचे बोलणे ज्या आदराने ऐकत होती ते पाहून या मुलाने मनाशी ठरवले की आपण हेच व्हायचे. लेलंड कॉलेजात ते स्वतः क्वार्टरबॅक म्हणून खेळले. तिथले प्रशिक्षक रूबेन टर्नर हे धर्मोपदेशकही होते, आणि प्रशिक्षण हे वह्या भरून शिकायचे शास्त्र आहे ही जाणीव एडींना त्यांच्यामुळे झाली.

पदवी मिळाली तरी नोकरी कुठे मिळणार हा प्रश्न होताच. त्या काळच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय पदवीधराला प्रशिक्षकपद मिळण्याजोग्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच असत. रॉबिन्सन बॅटन रूजमधल्या पशुखाद्याच्या गिरणीत ताशी २५ सेंटवर राबत होते. ग्रॅम्बलिंगला प्रशिक्षक हवा असल्याची बातमी त्यांना नात्यातून कळली. महाविद्यालयाचे अध्यक्ष राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स यांनी या बावीस वर्षांच्या तरुणाला महिना ६३ डॉलर ७५ सेंट पगारावर नेमले. जोन्स हे स्वतः बेसबॉल संघाचे प्रशिक्षक होते आणि १९३६ पासून १९७७ पर्यंत अध्यक्षपदी राहिले. या दोघांची जोडी जमली नसती तर पुढचे काहीच घडले नसते असे मला वाटते, कारण एका माणसाला इतका काळ त्याच्या पद्धतीने काम करू देणारा वरिष्ठ सहसा मिळत नाही.

पहिल्या वर्षी हाती काय होते ते पाहण्यासारखे आहे. वेगळा साहाय्यक नव्हता. मैदानातले गवत रॉबिन्सन स्वतः कापत, चुन्याच्या रेघा स्वतः आखत, मुलांच्या दुखऱ्या घोट्यांना पट्ट्या बांधत आणि सामना संपल्यावर वर्तमानपत्रांसाठी त्याचा वृत्तान्तही स्वतःच लिहीत. बाहेरगावी जाताना सँडविच बांधून न्यावी लागत, कारण रस्त्यावरच्या खाणावळींत कृष्णवर्णीय मुलांना वाढत नसत आणि पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृहही त्यांना वापरू देत नसत. पहिल्या हंगामात तीन विजय आणि पाच पराभव पदरी पडले. दुसऱ्या हंगामात, म्हणजे १९४२ मध्ये, संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले आणि संपूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही.

मग युद्धामुळे १९४३ आणि १९४४ मध्ये महाविद्यालयाचा संघ बंद राहिला आणि रॉबिन्सन गावातल्या हायस्कूलच्या मुलांना शिकवू लागले. त्या काळातला एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर पुरेसा प्रकाश टाकतो. कापसाची वेचणी तोंडावर आली म्हणून एका शेतकऱ्याने आपली मुले संघातून काढून घेतली. रॉबिन्सन यांनी त्याच्याशी वाद घातला नाही. ते सगळा संघ घेऊन त्याच्या शेतावर गेले, कापूस वेचून दिला आणि मुले परत आणली.

१९४६ मध्ये संस्थेचे नाव ग्रॅम्बलिंग कॉलेज झाले आणि १९४९ मध्ये पहिली भिंत हलली. पॉल यंगर, ज्याला सगळे टँक म्हणत, हा रॉबिन्सन यांचा धिप्पाड खेळाडू. त्याला लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघाने करारबद्ध केले. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये गेलेला तो पहिला खेळाडू होता. निघताना रॉबिन्सन यांनी त्याला बजावले होते की तू तिथे टिकला नाहीस तर लोक म्हणतील, यांचा सर्वोत्तम मुलगा घेऊन पाहिला आणि तोही कमी पडला, मग दुसऱ्या कोणाला संधी मिळायला किती वर्षे लागतील ते सांगता येणार नाही. यंगर नुसता टिकला नाही, तर दहा हंगाम खेळला.

त्यानंतर वाट रुळली. १९६३ मध्ये राष्ट्रीय लीगची तेव्हाची प्रतिस्पर्धी असलेल्या अमेरिकन फुटबॉल लीगने महाविद्यालयीन खेळाडूंची जी निवड केली तिच्यात सर्वांत पहिले नाव पुकारले गेले ते ग्रॅम्बलिंगच्या बक ब्यूकॅननचे. जानेवारी १९६७ मध्ये पहिला सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, झाला तेव्हा कॅन्सस सिटीच्या बाजूने ब्यूकॅनन आणि ग्रीन बेच्या बाजूने विली डेव्हिस, असे रॉबिन्सन यांचे विद्यार्थी समोरासमोर होते, आणि मध्यंतरात वाजलेल्या वाद्यवृंदांतही ग्रॅम्बलिंगचा वाद्यवृंद होता. काही शेकडा विद्यार्थ्यांच्या गावठी संस्थेपासून पंचवीस वर्षांत इथवरची ही मजल आहे. डेव्हिस, ब्यूकॅनन, विली ब्राउन आणि चार्ली जॉइनर हे त्यांचे चार विद्यार्थी व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत, आणि व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचलेल्यांची संख्या दोनशेच्या वर जाते.

क्वार्टरबॅकच्या जागेचे मी वर म्हटले ते इथे येते. रॉबिन्सन यांनी ठरवून, वर्षानुवर्षांची तयारी करून त्या जागेवर नेम धरला. जेम्स हॅरिसला त्यांनी सुरुवातीपासून व्यावसायिक पद्धतीचा खेळ शिकवला आणि जागा बदलण्याचा प्रस्ताव आला तर स्वीकारू नकोस असे सांगून ठेवले. १९६९ मध्ये बफेलो बिल्सने हंगामाच्या पहिल्याच सामन्यात हॅरिसला क्वार्टरबॅक म्हणून उतरवले. असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्यानंतर आला डग विल्यम्स. ३१ जानेवारी १९८८ रोजी सॅन डिएगो इथे झालेल्या सुपर बोलमध्ये विल्यम्सचा वॉशिंग्टन संघ पहिल्या सत्रात डेन्व्हरविरुद्ध ०-१० असा मागे पडला होता. एकट्या दुसऱ्या सत्रात वॉशिंग्टनने ३५ गुण केले, विल्यम्सच्या चार फेकींवर चार टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अखेरच्या रेषेपलीकडे नेणे) झाले, सामना ४२-१० असा संपला आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. यंगरच्या वेळची धास्ती जिथे संपली, तो हा दिवस होता असे मी मानतो.

त्याआधी ५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर प्रेअरी व्ह्यूला २७-७ असे हरवून रॉबिन्सन यांनी अलाबामाचे विख्यात प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागे टाकला. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांचा चारशेवा विजय झाला. पण तोवर संघाचा बहर ओसरला होता. शेवटचे तीनही हंगाम पराभवांचे गेले. २९ नोव्हेंबर १९९७ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सदर्न विद्यापीठाविरुद्ध ते शेवटचे मैदानात उतरले आणि तो सामना ७-३० असा हरले. निवृत्तीनंतर स्मृतिभ्रंशाच्या आजाराने त्यांना गाठले आणि ३ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव लुईझियानाच्या राज्य विधानभवनात अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले होते. ज्या राज्याने एके काळी त्यांच्या मुलांना रस्त्यावरच्या खाणावळीत बसू दिले नव्हते, त्याच राज्याचे ते विधानभवन होते.

जाणकारांनी यात भर घालावी ही विनंती.

गणिती

लेख आवडला, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. ब्रायंट यांचे विजय टेक्सस, टेनेसी, ऑबर्न, नेब्रास्का अशा तगड्या संघांविरुद्धचे आहेत. ग्रॅम्बलिंगच्या परिषदेतले, म्हणजे ज्या विद्यापीठांच्या गटात ते खेळत त्यातले, प्रतिस्पर्धी साधनांच्या बाबतीत त्या तोडीचे नव्हते. मग ३२३ आणि ४०८ या संख्या एकाच यादीत एकाखाली एक लिहिणे कितपत योग्य आहे? रॉबिन्सन यांच्या कार्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. माझा प्रश्न विक्रमापुरता मर्यादित आहे.

पश्चिमवारा

गणिती, आपला प्रश्न रास्त आहे आणि तो १९८५ मध्येही अमेरिकेत विचारला गेला होता. माझे उत्तर असे की प्रतिस्पर्धी निवडण्याचा अधिकार रॉबिन्सन यांच्याकडे नव्हता. त्यांच्या कारकिर्दीची पहिली तीस वर्षे दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठे त्यांच्याशी खेळायलाच तयार नव्हती. फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे प्रशिक्षक जेक गेथर यांचे उदाहरण घ्या. १९४५ ते १९६९ या काळात त्यांनी २०३ विजय मिळवले आणि फक्त ३६ सामने गमावले, परंतु गोऱ्यांच्या संघाविरुद्ध सामना त्यांच्या वाट्याला आला तो थेट शेवटच्या हंगामात, नोव्हेंबर १९६९ मध्ये, टॅम्पा विद्यापीठाविरुद्ध. तो त्यांनी ३४-२८ असा जिंकला. दक्षिणेत अशा दोन संघांमध्ये झालेला तो पहिला सामना होता. ज्या काळात मोजमाप करण्याची संधीच नाकारली गेली, त्या काळाचे मोजमाप नंतर काटेकोरपणे मागणे मला अन्यायाचे वाटते. दुसरे असे की त्या प्रतिस्पर्धी संघांतही पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारे खेळाडू भरलेले होते. जॅक्सन स्टेटमधून वॉल्टर पेटन आला, मिसिसिपी व्हॅली स्टेटमधून जेरी राइस आला. साधने कमी होती म्हणून खेळ हलका होता असे म्हणता येणार नाही.

रेवातीर

मूळ लेखात कॉली निकल्सन यांचा उल्लेख राहून गेला आहे, आणि त्यांच्याशिवाय ग्रॅम्बलिंगची गोष्ट पुरी होत नाही असे माझे ठाम मत आहे. निकल्सन युद्धकाळात मरीन दलात वार्ताहर होते आणि १९४८ पासून ते ग्रॅम्बलिंगच्या प्रसिद्धीचे काम पाहू लागले. मोठी वर्तमानपत्रे कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना जागा देत नसत, म्हणून देशभरातल्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांना निकल्सन आठवड्यामागून आठवडा मजकूर पुरवत राहिले. ग्रॅम्बलिंगपासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या माणसालाही हा संघ आपला वाटू लागला तो त्यामुळे.

त्यांची पुढची कल्पना आणखी धाडसी होती. गावातल्या छोट्या मैदानावर खेळत बसण्यापेक्षा संघाला मोठ्या शहरांत, मोठ्या मैदानांवर न्यायचे. सप्टेंबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर मॉर्गन स्टेटविरुद्ध सामना झाला. साठ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. ग्रॅम्बलिंग तो सामना ७-९ असा अवघ्या दोन गुणांनी हरले, पण त्या एका दिवसाने संघाला देशभर ओळख दिली. १९७६ मध्ये हेच दोन संघ टोकियोत खेळले आणि या वेळी ग्रॅम्बलिंगने ४२-१६ अशी बाजी मारली. ज्या संघाला आपल्याच राज्यात शिदोरी बांधून फिरावे लागत होते, तो संघ जपानमध्ये अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला.

ह्यूस्टनकर

मी गेली अनेक वर्षे टेक्ससमध्ये राहतो आणि ग्रॅम्बलिंग विरुद्ध सदर्न हा सामना, ज्याला बायू क्लासिक म्हणतात, न्यू ऑर्लिन्सला जाऊन पाहिलेला आहे. हा सामना १९७४ पासून तिथे होतो आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी असतो. तिथे गेल्यावर पहिल्यांदा लक्षात आले की यातला फुटबॉल हा अर्धाच भाग आहे. मध्यंतर झाले की एरवी लोक खायला उठतात. इथे उठलेले लोक धावत जागेवर परत येत होते, कारण दोन्ही विद्यापीठांचे वाद्यवृंद मैदानात उतरणार होते. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या. त्यांची तीन पिढ्यांची माणसे ग्रॅम्बलिंगला शिकलेली होती. सूझाफोन (अंगाभोवती अडकवायचे मोठे पितळी वाद्य) उचलून धरलेली मुलांची रांग कमरेतून वाकून पुन्हा सरळ झाली तेव्हा त्या उभ्या राहून प्रत्येक ताल तोंडाने म्हणत होत्या. "कोच रॉब" असाच त्यांचा उल्लेख त्यांनी सारा वेळ केला, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावे तसा.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट नंतर मला अनेक ठिकाणी वाचायलाही मिळाली. रॉबिन्सन रोज सकाळी वसतिगृहाच्या मजल्यावरून हातात घंटा घेऊन फिरत आणि मुलांना वर्गात जाण्यासाठी उठवत. नाश्ता चुकवलेला त्यांना चालत नसे आणि तास बुडवलेला तर मुळीच चालत नसे. प्रवासाला निघताना मुलांनी कोट आणि टाय घालावा असा त्यांचा आग्रह असे. आपल्या मुलीशी ज्याचे लग्न होणार आहे अशा मुलाला जसे घडवाल, तसे प्रत्येक खेळाडूला घडवा, असे ते इतर प्रशिक्षकांना सांगत.

कोकणकडा

मूळ लेखातला भिंतींचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, पण तो शेवटी घाईत आटोपला आहे. १९७० नंतर नेमके काय बदलले, हे कुणी विस्ताराने सांगू शकेल का?

पश्चिमवारा

सांगतो, कारण माझ्या दृष्टीने या कहाणीचा गाभा तोच आहे.

१२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅम इथे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ ब्रायंट यांच्या अलाबामाविरुद्ध खेळला. अलाबामाच्या बाजूने मैदानात उतरलेले सगळे गोरे होते. पाहुण्यांकडून सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने जो खेळ केला त्याने सामना ४२-२१ असा एकतर्फी झाला. एका सामन्याने सगळे बदलले असे म्हणणे अतिशयोक्त होईल, कारण अलाबामाने त्याआधीच एका कृष्णवर्णीय मुलाला शिष्यवृत्ती देऊन घेतले होते आणि न्यायालयांचा दबाव तर कितीतरी आधीपासून होता. पण प्रेक्षकांचा विरोध त्या दिवसानंतर झपाट्याने मावळला. पुढच्या काही वर्षांत अलाबामा, लुईझियाना स्टेट, ऑबर्न, जॉर्जिया या सगळ्यांनी कृष्णवर्णीय मुलांना घेण्यास सुरुवात केली.

आता हे रॉबिन्सन यांच्या जागी उभे राहून पाहा. १९६० मध्ये श्रीव्हपोर्ट किंवा मनरो इथला एखादा अव्वल कृष्णवर्णीय मुलगा फुटबॉलसाठी लुईझियानातच राहणार असेल तर ग्रॅम्बलिंग किंवा सदर्न याखेरीज त्याला पर्याय नव्हता. १९८० मध्ये तोच मुलगा लुईझियाना स्टेटला जाऊ शकत होता, जिथे मैदानाची क्षमता कित्येक पटींनी मोठी होती, सामने दूरचित्रवाणीवर दिसत होते, आणि व्यायामशाळा, डॉक्टर, शिकवणीचे मार्गदर्शक सगळे तयार होते. गावातल्या घरात बसून मुलाच्या आईशी बोलण्याचे रॉबिन्सन यांचे कौशल्य अजोड होते, पण समोर ठेवायला त्यांच्याकडे काही उरले नव्हते. तरीही १९७० च्या दशकात त्यांनी विजेतेपदे मिळवली आणि डग विल्यम्सला घडवले. जी १७ परिषद विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत त्यांतली शेवटची १९९४ मधली आहे. याचे मला फार कौतुक वाटते. उतरत्या काळात त्यांनी जे टिकवून धरले ते भरतीच्या काळातल्या यशापेक्षा अवघड होते.

आणि एक गोष्ट नोंदवतो. खेळाडू दुसरीकडे जाऊ लागले याबद्दल त्यांनी कधी कडवटपणा दाखवला नाही. मुलांना निवड करता यावी हेच आपल्याला हवे होते, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली.

जुनापाना

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एक बाजू राहू नये म्हणून लिहितो. रॉबिन्सन यांच्यावर त्यांच्या हयातीतच टीकाही झाली आहे. नागरी हक्कांच्या चळवळीत ते रस्त्यावर उतरले नाहीत. अमेरिका हा जगातला सर्वांत चांगला देश आहे आणि मेहनत केली तर इथे सर्व काही मिळते, असे ते मुलांना सांगत राहिले. साठच्या दशकातल्या तरुणांना हे फार मवाळ वाटे. १९६७ च्या शरद ऋतूत तर खुद्द ग्रॅम्बलिंगच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. आपल्या संस्थेत खेळाला अवास्तव महत्त्व दिले जाते आणि शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, ही त्यांची तक्रार होती. राज्याने नॅशनल गार्ड या राखीव सैनिकी दलाची तुकडी पाठवली आणि काही विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. आपल्या नायकाची कहाणी सांगताना त्या विद्यार्थ्यांचे म्हणणेही ऐकून घ्यायला हवे, असे मला वाटते. प्रसिद्धी फुटबॉलला मिळत होती आणि प्रयोगशाळा रिकाम्या होत्या, तर त्यांचा राग खोटा कसा म्हणायचा?

रेवातीर

जुनापाना यांचा मुद्दा मान्य आहे, त्यात फक्त एक पुस्ती जोडते. प्रयोगशाळा रिकाम्या होत्या त्याचे मूळ कारण राज्य सरकार होते. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या संस्थांना मिळणाऱ्या निधीत जमीन-अस्मानाचा फरक होता आणि जोन्स यांना विधिमंडळात जाऊन तोच निधी मागायचा असे. फुटबॉल संघाचा बोलबाला झाल्यामुळे त्यांची दखल घेतली जाऊ लागली. विद्यार्थ्यांचा राग खरा होता आणि जोन्स-रॉबिन्सन यांची अडचणही खरी होती. रॉबिन्सन स्वतः १९५४ मध्ये आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन आले होते आणि खेळाडूने पदवी पूर्ण केलीच पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष होता, हेही विसरता येत नाही.

गणिती

विक्रमाविषयीचे उत्तर मला पटले. आता आकड्यांतली पुढची नोंद. रॉबिन्सन यांच्या एकूण विजयांना मिनेसोटातल्या सेंट जॉन्स विद्यापीठाचे जॉन गॅग्लियार्डी यांनी २००३ मध्ये मागे टाकले आणि ते ४८९ विजयांवर थांबले, पण ते खालच्या श्रेणीत. वरच्या श्रेणीत पेन स्टेटचे जो पॅटर्नो ऑक्टोबर २०११ मध्ये ४०९ वर पोहोचले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या एका माजी साहाय्यकाची बाललैंगिक अत्याचाराची प्रकरणे उघड झाली आणि पॅटर्नो यांना पदावरून दूर करण्यात आले. २०१२ मध्ये त्यांचे १११ विजय रद्द झाले, म्हणजे रॉबिन्सन पुन्हा अग्रस्थानी आले, आणि २०१५ मध्ये ते विजय पुन्हा बहाल करण्यात आले. एका विजयाचा फरक आज कागदावर उभा आहे. आपला खरा विक्रम म्हणजे एक नोकरी आणि एक पत्नी, असे रॉबिन्सन म्हणत असत. डॉरिस आणि ते १९४१ पासून अखेरपर्यंत एकत्र होते. कागदावरचा दुसरा क्रमांक त्यांनी फारसा मनाला लावून घेतला नसता असे वाटते.

कोकणकडा

त्यांच्यानंतर ग्रॅम्बलिंगचे काय झाले? आणि अखेरचे तीन हंगाम खराब गेले असताना त्यांना आधीच थांबवायला हवे होते असे कुणाला वाटत नाही का?

ह्यूस्टनकर

दुसऱ्या प्रश्नाचे आधी सांगतो. १९९६ मध्ये त्यांनी पद सोडावे असा दबाव आला होता. ते कळताच माजी खेळाडू आणि चाहते उभे राहिले, राज्यपालांपर्यंत विषय गेला आणि त्यांना आणखी एक हंगाम देण्यात आला. माझे स्वतःचे मत असे की तो हंगाम त्यांना मिळायला हवाच होता. त्या वर्षी संघ जिथे जिथे गेला तिथे लोकांनी त्यांना निरोप दिला, आणि जिंकण्या-हरण्यापेक्षा त्या वर्षाचे मोल लोकांच्या लेखी मोठे होते. संघाचे त्यातून नुकसान झाले नाही असे मात्र मी म्हणणार नाही, कारण वर्षभर नव्या मुलांची भरती अडून राहिली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सुखाचे आणि थोडे दुःखाचे आहे. १९९८ मध्ये त्यांच्या जागी डग विल्यम्स आला. गुरूच्या खुर्चीत बसून त्याने २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन परिषद विजेतेपदे मिळवली. पुढे तो दुसऱ्यांदा तिथे परतला आणि २०१३ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्याला काढून टाकण्यात आले. त्याच ऑक्टोबरमध्ये ग्रॅम्बलिंगच्या खेळाडूंनी जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला जायला नकार दिला. सरावाच्या इमारतीत बुरशी वाढलेली होती, व्यायामशाळेची जमीन उखडलेली होती आणि दूरच्या राज्यांतल्या सामन्यांना मुलांना रात्ररात्र बसमधून नेले जात होते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. सामना झालाच नाही आणि तो जॅक्सन स्टेटला बहाल करण्यात आला.

पश्चिमवारा

ह्यूस्टनकर यांनी २०१३ चा प्रसंग इथे आणला हे फार बरे केले, कारण वर जुनापाना आणि रेवातीर यांची जी चर्चा झाली तिच्याशी तो थेट जोडलेला आहे. त्याआधीच्या काही वर्षांत लुईझियानाने ग्रॅम्बलिंगचे अनुदान मोठ्या प्रमाणात कापले होते. १९४१ मध्ये रॉबिन्सन यांनी जे स्वतः उचलले, गवत कापण्यापासून शिदोरी बांधण्यापर्यंत, ते उचलण्याची अपेक्षा विसाव्या वर्षाच्या मुलांकडून एकविसाव्या शतकात करणे मला मान्य नाही. बहिष्कार टाकणाऱ्या मुलांवर तेव्हा टीका झाली की कोच रॉब असते तर हे घडले नसते. माझा तर्क वेगळा आहे. रॉबिन्सन यांनी आयुष्यभर आपल्या खेळाडूंना स्वतःची किंमत ओळखायला शिकवले. हॅरिसला त्यांनी सांगितले होते की ते देतील ती जागा घेऊ नकोस, तुझी जागा माग. २०१३ च्या मुलांनीही तेवढेच मागितले होते, आणि त्या मागणीनंतर त्यांच्या इमारतींची दुरुस्ती हाती घेण्यात आली.

जेक गेथर यांच्यावर स्वतंत्र धागा काढावा अशी सूचना मला निरोपातून आली आहे. गेथर यांनी शिकवलेला बॉब हेझ १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकून पुढे डॅलसकडून फुटबॉल खेळला, त्यामुळे लिहिण्यासारखे बरेच आहे. फ्लोरिडा ए अँड एमविषयी ज्यांच्याकडे माहिती असेल त्यांनी या धाग्यावर किंवा निरोपातून जरूर कळवावे.